मचाणावरचा संसार

जामुनढाण्याच्या जिल्हा परिषद शाळेमागे जे मचाण उभं आहे ते रानडुकरं हाकलायला बांधलेलं नाही, हे सुरुवातीलाच सांगितलेलं बरं. वनखात्याने त्याला 'विनापरवाना लाकडी बांधकाम' म्हटलं, शिक्षण खात्याने 'नवोपक्रम' म्हटलं, आणि ज्यांच्यासाठी ते बांधलं गेलं त्या नितेश गावंडे सरांनी पुढेपुढे त्याला जे म्हटलं ते शाळेच्या आवारात म्हणण्यासारखं नाही. खरं कारण एवढंच होतं, की सरांना बायकोशी बोलायचं होतं.

बायको दर्यापूर तालुक्यातल्या एका आरोग्य उपकेंद्रात सेविका, अकोल्याच्या सासरहून रोज ये-जा करणारी. सर धारणी ओलांडून, घाट ओलांडून, डांबर संपतं तिथून पुढे. लग्न उन्हाळ्यात झालं आणि हळदीचा रंग नखांवरून उतरायच्या आत नेमणुकीचा आदेश आला. अकोल्याच्या घरी पेढे वाटले गेले. 'मेळघाट' हा शब्द पेढे खाणाऱ्यांपैकी कोणी उच्चारला नाही. फक्त पेढा संपल्यावर प्रत्येकाने सरांच्या पाठीवर हात जरा जास्त वेळ ठेवला. वडील खुशालराव एसटीतून निवृत्त झालेले, त्यामुळे त्यांना जगातल्या सगळ्या गोष्टी फेऱ्यांमध्ये दिसत. ते म्हणाले, "मेळघाटात गेलेला मानूस वापस येते. लेट येते, पन येते." हे त्यांनी धीर देण्यासाठी सांगितलं असावं.

शाळा दोन शिक्षकांची. मुख्याध्यापक धर्मपाल तायडे सर निवृत्तीला आलेले, शांत, आणि कुठल्याही संकटाकडे दुसऱ्याच्या संकटाकडे पाहावं तसे पाहणारे. नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी त्यांनी शाळा दाखवली, म्हणजे जागेवर बसूनच हात फिरवला. नितेश सरांनी विचारलं, "सर, इथं मोबाइलला रेंज नाही का?"

"हाय ना. नाही काहून?" तायडे सरांनी बोटाने मागचा साग दाखवला. "तिथं हाय. शेंड्यावर."

एम.ए. बी.एड. झालेल्या, पात्रता परीक्षा दोनदा दिलेल्या, नवीन जावई म्हणून दर्यापुरात ज्याच्यासाठी खुर्ची पुसून ठेवतात अशा माणसाने झाडावर चढावं की नाही, हा प्रश्न अभ्यासक्रमात कुठेच नव्हता. सरांनी तो काही दिवस टाळला. मग एका संध्याकाळी कोणी बघत नाही असं पाहून ते चढले. कोणी बघत नसतं तेव्हा मुंग्या बघत असतात. सरांनी फांदीवर बसून नंबर लावला, पलीकडून बायकोचं, रागिणीचं "हॅलो" आलं, आणि त्याच क्षणी लाल मुंग्यांच्या एका पूर्ण वसाहतीने सरांच्या सदऱ्यात प्रवेश घेतला. पुढचं संभाषण रागिणीला बराच काळ समजलं नाही. खाली उतरले तेव्हा शाळेचा पट पूर्ण हजर होता. एवढी उपस्थिती वर्गात कधीच लागली नव्हती.

ही बातमी पोरांनी घरोघरी नेली, आणि दुसऱ्या दिवशी शालूचा बाप शाळेत आला. शालू म्हणजे तिसरीतली, पहिल्या ओळीत बसणारी, डोळे मोठे करून बघणारी आणि महिनोन् महिने एक अक्षर न बोलणारी मुलगी. बापाने बाजारातल्या हिंदीत सांगितलं, की मास्तर झाडावरून पडला तर नवा मास्तर लवकर येत नाही, त्यापेक्षा आपण मचाण बांधू. मका राखायला ते बांधतच असत. तीन-चार घरचे लोक जमले, वाळलेली लाकडं आली, आणि पाहता पाहता शाळेमागे शिडीसकट मचाण उभं राहिलं. सरांनी वर जाऊन मोबाइल धरला. शेजारच्या राज्याचा टॉवर लागला. मोबाइलने 'मध्य प्रदेशात आपले स्वागत आहे' म्हटलं. सरांचे डोळे भरून आले. इतक्या दिवसांत त्यांचं स्वागत पहिल्यांदाच कोणी केलं होतं.

त्यानंतर वनरक्षक आला.

"हे लाकूड कुठचं?"

"पडलेलं होतं," सर म्हणाले.

"पडलेलं लाकूड उभं कसं झालं?"

या प्रश्नाला बी.एड.मध्ये उत्तर नव्हतं. तायडे सरांकडे होतं. त्यांनी एका पत्र्यावर खडूने 'शासकीय कामकाजाकरिता' लिहून तो मचाणाला लटकवला, वर चार पोरं पुस्तकं देऊन बसवली आणि फोटो काढून केंद्रप्रमुखांकडे पाठवला. "आता हे खात्याचं झालं," ते म्हणाले. "खात्याच्या गोष्टीले कोनी हात नाही लावत. दुरुस्तीलेबी नाही लावत."

नितेश सरांना वाटलं संकट टळलं. पण त्यांना अजून नोकरी नवीन होती. केंद्रप्रमुखांना फोटो आवडला. मचाण 'डिजिटल शिक्षणासाठी स्थानिक साधनांचा वापर' या नावाने बैठकीत गाजलं, आणि आसपासच्या सगळ्या शाळांना सूचना गेली की खिचडीचे, हात धुण्याचे आणि झाडासोबत उभं राहण्याचे फोटो रोजच्या रोज पाठवायला आता कोणतीही सबब चालणार नाही, जामुनढाण्याला जावं. दुसऱ्या दिवसापासून मोटारसायकली सुरू झाल्या. शाळा सुटली की मचाणाखाली गुरुजनांची रांग. एकाची खिचडी चढेपर्यंत दुसरा शिडीवर ताटकळत. ज्यांच्या विरहातून हे मचाण उगवलं ते नितेश सर रांगेत शेवटी, कारण ते सर्वांत कनिष्ठ.

"तुमी तं इथलेच आहा ना सर," पाहुणे गुरुजी म्हणत. "तुमाले काय घाई?"

घाई काय होती ते रांगेत सांगता येत नव्हतं. सगळे फोटो चढून, मोटारसायकली उताराला लागून, गुरं परतायच्या वेळेला सरांचा नंबर येई. तोवर दर्यापूरकडे रागिणी उपकेंद्राला कुलूप लावून फाट्यावर जीपची वाट बघत उभी असे. दोघांच्या संसाराला मिळत असे तो जीप येईपर्यंतचा वेळ.

आणि तोही ओरडून. टॉवर परक्या राज्याचा. हळू बोललेलं त्याला ऐकूच जात नसे. लाडाचे शब्द खालच्या आवाजात बोलायचे असतात अशी सरांची समजूत होती. मचाणावर ती टिकली नाही.

"जेवली का तू?... मी म्हनलं, जेवली काआआ?... हाव, मी जेवलो. पन घास उतरत नाही गं. काय सांगू तुले, इथं मन रमूनच नाही राहिलं माह्यं... दाढ कशी हाय तुही?... दाढ, दाढ!... आईच्या बोलन्याचं मनावर नको घेऊ तू. कूलरचं काय झालं? मंग बाबाले सांग ना... थांब ना थोडीशी. जीप येते, जाते. दुसरी येईन. ठेवू नको ना एवढ्यात."

खाली गुरं वळवून आणलेली पोरं मचाणाच्या सावलीत बसलेली असत. सरांना त्याचं काही वाटत नसे. पोरांना कोरकू येतं, बाजारापुरती हिंदी येते, मराठीचं एक वाक्य येत नाही, ही गोष्ट त्यांनी स्वतःच्या अध्यापनातून निर्विवादपणे सिद्ध केली होती.

कारण वर्गात काय चाललं होतं, तर काही चाललं नव्हतं. सर चित्र दाखवत. "हे काय आहे?" वर्ग चित्राकडे बघे. "ही गाय आहे. काय आहे?" वर्ग सरांकडे बघे. गायीबद्दल त्या पोरांना सरांच्या सात पिढ्यांपेक्षा जास्त माहिती होती, म्हणून कदाचित त्यांना या प्रश्नामागचा हेतू कळत नसावा. सरांनी गाणी म्हटली, टाळ्या वाजवल्या, बाहुल्या आणल्या, एकदा स्वतः बैल झाले. पोरं मनापासून हसली, पण कोरकूत हसली.

"नाही बोलत तं नको बोलू द्या," तायडे सरांनी समजावलं. "बोलाले लागले तं प्रश्न इचारतीन. मंग कोन सांगीन?"

अशात शिक्षण विस्तार अधिकारी साहेब मचाण बघायला आले. सरांनी संधी साधली आणि पत्नी, दर्यापूर, पती-पत्नी एकत्रीकरणाची बदली, विनंती, हे सगळं एका दमात सांगितलं. साहेब चांगले होते. त्यांचंही कुटुंब अमरावतीला आणि ते धारणीला एका खोलीत हातानं पोळ्या करत होते. त्यामुळे त्यांनी पूर्ण ऐकलं. म्हणाले, "हे पहा गावंडे, माह्या हातात शिफारस हाय. पन मुका वर्ग सोडून चाललेल्या शिक्षकाची शिफारस कशी करू? मी पंधरवड्यानं येतो भाषेची चाचणी घ्याले. तुमचा वर्ग मराठी बोलला, की मी लिहितो. जा मंग दर्यापूरले."

त्या संध्याकाळी सर मचाणावर इतक्या मोठ्याने ओरडले की टॉवरची गरजच नव्हती. "वर्ग बोलला पाहिजे फक्त! मंग मी आलोच म्हनून समज!"

खाली पोरं शांतपणे ऐकत होती.

पंधरवडाभर सरांनी 'माझी शाळा'वरची वाक्यं घोटून घेतली. माझी शाळा सुंदर आहे. माझ्या शाळेसमोर बाग आहे. बाग नव्हती, पण पुस्तकात होती. चाचणीच्या दिवशी पोरांच्या केसांना तेल, सरांच्या सदऱ्याला इस्त्री, ती तांब्यात निखारे घालून केलेली. साहेबांनी विचारलं, "बाळांनो, तुमची शाळा कशी आहे?"

वर्ग साहेबांकडे बघत राहिला. खिडकीतून एक कोंबडी आत आली, तिने परिस्थिती पाहिली आणि गेली. सरांनी मागून खुणा केल्या, ओठ हलवले, 'सुंदर'साठी हातवारे केले. ते पाहून तिसरीतला एकजण त्यांच्याबद्दल काळजीत पडल्यासारखा दिसला. दर्यापूर सरांच्या डोळ्यांसमोरून फाट्यावरच्या जीपसारखं धूळ उडवत निघून गेलं.

साहेबांनी कागद मिटला. उठता उठता, काहीतरी बोलायचं म्हणून, त्यांनी समोरच्या शालूच्या डोक्यावर हात ठेवला. "जेवली का बाळ?"

"हाव, जेवली," शालू म्हणाली. "पन घास उतरत नाही. काय सांगू तुले."

साहेब परत बसले.

"काहून? काय झालं?"

"मन रमून नाही राहिलं माह्यं," शालूने खणखणीत आवाजात, आभाळाकडे तोंड करून सांगितलं. मग एकदम खालच्या सुरात साहेबांना विचारलं, "दाढ कशी हाय तुही?"

बांध फुटला म्हणतात तो असा. मागच्या ओळीतून कोणीतरी कूलरची चौकशी केली. आणखी एकाने, आईच्या बोलण्याचं मनावर घ्यायचं नसतं, हे साहेबांना तळमळीने पटवलं. चौथीतली दोन पोरं उठून बाकावर चढली; एक कानाला हात लावून "हं... हं... नाही गं... हं..." करत होता, आणि मधल्या थांबण्याच्या जागा इतक्या अचूक होत्या की नितेश सरांना त्यात रागिणीचं न ऐकू येणारं बोलणं ऐकू आलं. हा पोरांचा खेळ होता. महिनोन् महिने चाललेला. गुरांमागे, ओढ्यावर, झाडावर चढून. एकाने सर व्हायचं आणि एकीने बाई, म्हणजे सरांची बायको. बाई काय बोलतात ते खाली कधी ऐकू येत नसे, म्हणून तेवढं पोरांनी मनानं रचलं होतं. आज बाई शालू होती.

"ठेवू नको ना एवढ्यात," बाकावरचा सर ओरडला.

शालूने कमरेवर हात ठेवला. "किती दिस बोंबलून राहिले तुमी? तुमाले येता येत नाही तं मी येतो ना मंग तिकडे!"

वर्ग हसला. साहेब हसले. तायडे सर, जे कधीच हसत नसत, ते व्हरांड्यात जाऊन हसले. नितेश सर तेवढे खडू हातात घेऊन उभे होते आणि खडू त्यांच्या मुठीत भुगा होत होता. आपल्या संसाराची अशी जाहीर चाचणी झालेले ते जिल्ह्यातले पहिलेच शिक्षक असावेत. पण त्या लाजेखाली अजून काहीतरी होतं, आणि ते लाजेपेक्षा वाईट होतं: पोरांना सगळं कळत होतं. आपलं मन रमत नाही हे, आपल्याला जायचंय हे. सर रोज पोरांच्या डोक्यावर बसून ओरडून सांगत होते, आणि सकाळी तीच पोरं तेल लावून वेळेवर येत होती.

साहेबांनी शेऱ्यात लिहिलं: 'विद्यार्थ्यांचे मराठी संभाषणकौशल्य उल्लेखनीय. भावनेसह बोलतात. तालुक्यात इतरत्र आढळले नाही.' सरांचा चेहरा उजळला. मग साहेबांनी त्यांना बाजूला घेतलं.

"गावंडे, शब्द दिला होता मी. पन आता तुमाले कसं सोडू? वर्ग मुका असता तं तुमी नालायक म्हनून सोडता आलं नसतं. वर्ग बोलते, तं तुमी लायक म्हनून सोडता येत नाही." त्यांनी सरांच्या पाठीवर हात ठेवला, आणि तोही जरा जास्त वेळ ठेवला.

त्या संध्याकाळी सरांनी मचाणावरून रागिणीला सगळं सांगितलं. आज पहिल्यांदा हळू बोलायचा प्रयत्न केला, म्हणून तीन वेळा सांगावं लागलं. रागिणी आधी खूप हसली. इतकी, की फाट्यावरचे लोक तिच्याकडे बघायला लागले असं तिने सांगितलं. मग हसू थांबलं. जीप आली आणि गेली.

"शालू काय म्हने म्हनता? मी येतो तिकडे?"

"लहान पोट्टी हाय ते. काहीबी बोलते."

"बराबर बोलते," रागिणी म्हणाली. "आपन दोघं शिकलेले, आपल्याले काहून नाही सुचलं?"

सुचलं नव्हतं हे खरं. एकत्रीकरण म्हणजे मेळघाटातल्याने खाली यायचं, यापलीकडे वऱ्हाडातल्या कोणाच्या डोक्यात कधी काही आलं नव्हतं. सासरी कळलं तेव्हा सुभद्राबाई, म्हणजे सरांच्या आई, दोन दिवस सुनेशी बोलल्या नाहीत आणि तिसऱ्या दिवशी तिच्यासाठी लोणच्याची बरणी भरायला घेतली. खुशालराव म्हणाले, "सिंगल तिकिटावर दोन मानसं कशी चालली हे?" आणि बराच वेळ कूलरसमोर बसून राहिले. शेजारच्या काकूंनी रागिणीला वाघ, हिवताप आणि नवऱ्याचे फाजील लाड या तिन्हींबद्दल सावध केलं.

रागिणीने अर्ज केला. कार्यालयात मेळघाटातून बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या अर्जांचे गठ्ठे कपाटावर पंख्याला टेकले होते. मेळघाटात जाऊ मागणारा अर्ज आला तेव्हा बाबूंनी तो दोनदा वाचला, मग फोन केला. "मॅडम, गावांची नावं उलटी लिवली काय तुमी?" नाही म्हटल्यावर त्यांनी तो अर्ज शेजारच्या बाबूंना दाखवला. मग चहा आला. खात्याच्या इतिहासात कुठला कागद न ढकलता स्वतःच्या पायाने चालत साहेबांच्या टेबलावर गेला असेल तर तो हा. उन्हाळा संपायच्या आत आदेश निघाला: पती-पत्नी एकत्रीकरणांतर्गत, तालुका धारणी, उपकेंद्र खापरपाणी.

सरांनी घर सारवून घेतलं, दुसरी बाज आणली, खिडकीला पडदा लावला. मग तायडे सरांना विचारलं, "खापरपानी कोनत्या बाजूले येते सर?"

तायडे सरांनी नेहमीसारखा हात फिरवला, पण या वेळी तो बराच लांब गेला. जामुनढाणा धारणीच्या एका बाजूला, खापरपाणी दुसऱ्या. मध्ये घाट, दोन ओढे आणि एक नदी. पावसाळ्यात नदी रस्त्यावरून जात असे, कारण पूल अजून मंजुरीतच होता. "तालुका एकच हाय ना," तायडे सर म्हणाले. "खात्याच्या हिशोबी तुमी एका छताखाली आहा."

आणि खापरपाणीला रेंज नव्हती. जमिनीवर नव्हती, झाडावर नव्हती, कुठेच नव्हती. दर्यापूरच्या फाट्यावर रोज निदान जीप येईपर्यंतचा संसार होता; एकत्रीकरण झालं आणि तोही संपला. संध्याकाळी पाहुणे गुरुजी आपापली खिचडी चढवून गेले की मचाण रिकामं होई. सर सवयीने वर जात. मोबाइल म्हणे, मध्य प्रदेशात आपले स्वागत आहे. सर खापरपाणीच्या दिशेच्या डोंगरांकडे बघत बसत. खाली पोरंही बसत. काही दिवस ऐकायला काही मिळालं नाही. मग एका संध्याकाळी शालूने खालून विचारलं, "सर, आज काही बोलनं नाही काय?" त्या दिवसापासून सर खाली उतरून पोरांत बसू लागले. गाय काय आहे हे विचारणं त्यांनी सोडलं. मन कसं आहे, विचारत. उत्तरं मिळत, आणि बरीच लांब मिळत.

नदीने वाट दिली तर रविवारी दोघं धारणीला भेटत. एसटी स्टँडसमोरच्या हॉटेलात दोन चहा, एक प्लेट भजी. रागिणीची गाडी आधी सुटे. पहिल्या रविवारी दोघांना बोलायला काही सुचेना. समोर बसलेल्या माणसाशी किती आवाजात बोलायचं याचा सरांना अंदाजच राहिला नव्हता. रागिणी वाळली होती, काळवंडली होती, आणि सरांना आठवत होती त्यापेक्षा फार सुंदर दिसत होती. ती खापरपाणीच्या बायांबद्दल सांगत होती. कुठं दुखतं हे विचारल्याशिवाय तिचं चालत नव्हतं, त्यामुळे आल्या महिन्यातच ती कोरकू बोलायला लागली होती.

"तुमाले येते काय?" तिने विचारलं.

"थोडंसं," सर म्हणाले. वर्ष झालं होतं. त्यांना पाणी मागता येत होतं.

गाडी लागली. रागिणी खिडकीत बसली. कंडक्टरने घंटी मारली तेव्हा ती खिडकीतून वाकली आणि कोरकूत एक वाक्य बोलली. लहानसंच. बोलून स्वतःच लाजली. शेजारची म्हातारी बोळक्या तोंडाने हसायला लागली.

"काय म्हनली?"

"तुमच्या पोराईले विचारा," रागिणी म्हणाली, आणि गाडी निघाली.

परतीच्या जीपमध्ये, घाटात, ओढ्यातून चालताना सर ते वाक्य पुटपुटत राहिले, विसरू नये म्हणून. रात्री झोपेतही पुटपुटले असतील. सकाळी प्रार्थना झाली, हजेरी झाली, आणि सरांनी फळ्यासमोर उभं राहून, उच्चार जमेल तितका नीट करून, ते वाक्य वर्गाला म्हणून दाखवलं.

"याचा अर्थ कोन सांगीन?"

पोरांनी एकमेकांकडे पाहिलं. मग खिडकीजवळून एक हसू फुटलं आणि वर्गभर पसरलं. पोरींनी तोंडं झाकून घेतली. बाकावरचा सर होणारा पोरगा बाकाखाली गेला.

"शालू, तू सांग."

शालू उठली. तिने इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, ओठ घट्ट मिटले, आणि मग सर ज्या आवाजात वर्गाला समजावतात त्या आवाजात त्यांना समजावलं.

"सर, हे वर्गात नसते सांगत. हे कानात सांगते. आन तेबी बाईनंच सांगावं लागते."

ती खाली बसली. सरांनी खडू उचलला आणि फळ्यावर तारीख घातली. सोमवार होता.